बिनतेलाची टोळी

शेख मॅडम कुणाच्याही घरात गेल्या की आधी खाली बघायच्या. घरच्या बाईला वाटायचं, केर राहिलाय. ती ओशाळून झाडू शोधायला लागायची, आणि तोवर मॅडम स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उकिडव्या बसून फरशीवरून हात फिरवत असायच्या.

"शहाबादी आहे. चांगली जुनी आहे. अहो, झाडू राहू द्या, ही रेघ बघा."

मग त्या रेघेवर बोट ठेवून त्या सांगायच्या, की ही फरशी म्हणजे एका समुद्राचा तळ. गाळ बसला, थरावर थर चढले, त्याचा दगड झाला. आपल्या सोलापूरच्या खालचा काळा पाषाण मात्र ज्वालामुखीचा, फार नंतर येऊन वर पसरलेला. दक्षिणेला सीमा ओलांडली की त्याची कड संपते आणि त्याच्या खालून ही फरशी बाहेर येते.

"आता मला सांगा वहिनी, सतरंजीखालून चटईची कड दिसली, तर चटई तेवढीच असेल की आत गेली असेल?"

"आत गेली असंल की," बाई म्हणायची.

"हौ! पण किती आत?"

या 'किती आत'पायी मॅडमनी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. त्या भूवैज्ञानिक होत्या आणि आमच्या प्रकल्पाच्या सोलापूर कचेरीत क्षेत्रकाम त्यांच्याकडे होतं. काळ्या पाषाणाखाली जुना गाळाचा दगड आहे का, असला तर त्यात तेल किंवा वायू असण्याची कितपत शक्यता आहे, याचा अंदाज बांधायचा, हे प्रकल्पाचं काम. खरं उत्तर मिळायचं तर पाषाण फोडून आरपार एक खोल विहीर घ्यायला हवी. अशी विहीर आमच्या भागात कुणी घेतली नव्हती. कॉलेजात असल्यापासून मॅडमना हवी होती ती एवढी एक विहीर. पण ती मंजूर करणं समितीच्या हातात, आणि समिती म्हणे, आधी वरच्या मातीत काही खूण दाखवा.

मातीतली खूण म्हणजे काय, तेही सांगतो. खोल कुठं तेल किंवा वायू असेल तर त्याचा अगदी बारीक अंश दगडाच्या भेगांतून वर झिरपत राहतो आणि मातीच्या कणांना धरून बसतो. म्हणून ठरावीक अंतरावर गिरमिटानं पुरुषभर खोल भोक पाडायचं, तळाची माती पिशवीत घालून परगावच्या प्रयोगशाळेत पाठवायची आणि आलेल्या आकड्यांवरून नकाशा रंगवायचा. रंगवणारा मी. माझं काम टेबलावरचं. पण ज्यानं जागा पाहिली नाही त्यानं तिच्यावर रेघ ओढू नये, असं मॅडमचं मत, त्यामुळे आठवड्यातून एकदा मला जीपमध्ये कोंबलं जायचं.

"बिराजदार, पुस्तक घेऊ नका बरोबर. जीपमध्ये वाचलंत की तुम्हाला मळमळतं आणि मग मला थांबावं लागतं."

मी पुस्तक घ्यायचो, मला मळमळायचं, त्या थांबायच्या. थांबल्या की मला लिंबू द्यायच्या आणि आपण रस्त्याकडेच्या खडीतले दगड उलटेपालटे करत बसायच्या. पुन्हा निघताना कधी चिडलेल्या दिसल्या नाहीत.

त्यांच्या वडिलांचं विजापूर रस्त्याला डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रकचे, इंजिनांचे पंप खोलून मांडलेले असायचे आणि शाळेतून आल्यावर मॅडम तिथंच एका खोक्यावर बसून अभ्यास करायच्या. आमच्यातल्या कुणाला नव्हतं असं नाक त्यांना त्यामुळे मिळालं होतं. एकदा पेट्रोल पंपावरून भरून आणलेल्या जीपजवळून जाताना त्या थबकल्या.

"सलीमभाई, यात रॉकेल आहे."

ड्रायव्हर सलीमभाई म्हणाले, "क्या मॅडम, टाकीचं झाकण तरी उघडू द्या."

"उघडल्यावर तर कुणालाही कळेल."

सलीमभाईंनी पंपावर जाऊन भांडण काढलं आणि जिंकून आले. तेव्हापासून ते दर वेळी डिझेल भरल्यावर मॅडमसमोर जीप उभी करायचे आणि पास-नापास ऐकूनच पुढं न्यायचे.

हे नाक असल्यामुळे असेल, मातीच्या नमुन्यांबाबत मॅडम भयंकर सोवळ्या होत्या. पिशव्या बिनरंगी सुती कापडाच्या, शहराच्या पूर्वभागातल्या एका विणकर कुटुंबाकडून शिवून घेतलेल्या, तीनदा उकळत्या पाण्यातून काढलेल्या. नमुन्यांच्या खोलीत उदबत्ती नाही. त्या खोलीच्या वाऱ्याला भजी तळायची नाहीत. आणि सगळ्यात कडक नियम: जो मातीला हात लावणार त्यानं डोक्याला तेल लावायचं नाही.

गिरमिट चालवणाऱ्या टोळीचा म्होरक्या होता मायाप्पा. सांगोल्याकडचा धनगर, उंच, सावळा, डोक्याला लाल पटका. घरची मेंढरं भाऊ राखायचा आणि हा संक्रांत झाली की आमच्याकडं यायचा. त्यानं तो नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळला. त्याच्यामुळे त्याच्या टोळीतल्या पाचही जणांनी पाळला. महिन्याभरात सगळ्यांचे केस वाळलेल्या गवतासारखे उभे राहिले. कचेरीतली मंडळी त्यांना 'बिनतेलाची टोळी' म्हणायला लागली. तेल हुडकायला निघालेत आणि डोकी बघा, असं.

"घरची इचारती," मायाप्पा एकदा मॅडमला म्हणाला, "सरकारला तेल घावंना म्हून तुमच्या डोस्क्याचं काडून घेतलं का?"

मॅडम एवढ्या हसल्या की हातातली नोंदवही खाली पडली. दुसऱ्या दिवशी मायाप्पाच्या बायकोसाठी त्यांनी खोबरेल तेलाची मोठी बाटली पाठवली. वर चिठ्ठी: 'हे फक्त तुमच्यासाठी. त्यांना देऊ नका.'

रानात शिरायला शेतकऱ्याची परवानगी काढणं हे निम्मं काम असायचं. तेल लागलं तर जमीन जाईल, अशी प्रत्येकाला धास्ती. मंगळवेढ्याच्या बाजूला एक आजी बांधावर काठी आडवी धरून बसल्या. सुरकुतलेल्या, पण आवाज खणखणीत.

"काय काडताय खालनं?"

"काही काढत नाही आजी. बघतोय, तेल आहे का."

"त्याल?" आजींनी मागच्या रानाकडं हात केला. "त्याल पायजे तर करडी न्या की. वरच्या वर निगतंय. खाली कशाला टोकरताय?"

मॅडम काठीच्या अलीकडं मांडी घालून बसल्या. तासभर दोघी करडईवर बोलल्या. काटे कसे लागतात, भाव कसा पडतो, यंदा थंडी कमी पडली ते. उठताना आजींनी काठी स्वतःच बाजूला घेतली. "पाड जा भोक. पर बुजवून जा, म्हस पाय घालंल." आम्ही सगळीच भोकं बुजवायचो. त्या भोकावर मात्र मॅडमनी स्वतः उभं राहून पायानं माती दाबली आणि म्हशीच्या वजनाचा अंदाज घेऊन पुन्हा एकदा दाबली.

होळी होऊन गेली आणि प्रयोगशाळेचे आकडे यायला लागले. मी रंगवत गेलो. सांगोल्याकडचा मुरमाड भाग फिका निळा. मंगळवेढ्याकडं सरकलो तसा पिवळा झाला, मग नारिंगी, मग लाल. एवढा लाल रंग मी त्या प्रकल्पात आधी वापरलाच नव्हता, बाटली नवी फोडावी लागली. नकाशा भिंतीवर लावला तेव्हा प्रकल्पप्रमुख साहेब त्यांच्या खोलीतून बाहेर आले, बघत राहिले आणि पेढे आणायला माणूस पाठवला. त्यांनी समितीची तारीख लगेच मागून घेतली.

"शेख मॅडम, तुमची विहीर आली," ते म्हणाले.

मॅडमनी पेढा घेतला, अर्धा मला दिला आणि खुर्ची ओढून नकाशासमोर बसल्या. आम्ही सगळे आनंदात होतो, त्याही होत्या. मी त्यांचा चेहरा पाहिलाय, एखाद्याला वर्षानुवर्षं हरवलेलं माणूस गर्दीत लांबून दिसावं तसा. मग हळूहळू त्या पुढं झुकल्या.

"बिराजदार, या भागाचा मातीचा नकाशा आहे का आपल्याकडं? काळी कुठं, मुरूम कुठं, तो?"

मी काढून दिला. त्यांनी तो लाल नकाशावर ठेवून खिडकीच्या काचेवर दोन्ही धरले. जिथं काळी माती संपत होती तिथंच लाल रंग संपत होता. बोटभर इकडंतिकडं नाही.

"खोल दगडातून येणाऱ्याला वर काळी आहे का मुरूम, हे कसं कळतं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

साहेब म्हणाले, "काळी चिकण असते, ती जास्त धरून ठेवते. अहवालात तसं लिहू. शास्त्राला धरून आहे."

"थोडं जास्त धरेल. एवढं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंगळवेढ्याच्या काळ्या रानात होतो. मॅडमनी मायाप्पाला सांगितलं, रोज करतोस तसं एक भोक पाड, मी नाही असं समज. टोळीनं गिरमिट रोवलं, दोघं दांडीला लागले, फिरवत फिरवत ते खाली नेलं. वर ढेकळं, पण हातभर खाली ओल धरलेली काळी. ती गिरमिटाला अशी चिकटते की हातानं ओढून निघत नाही. मायाप्पानं गिरमिट वर काढलं, माती झटकली आणि पटक्याच्या मागून एक चिंधी काढून लोखंड वरपासून खालपर्यंत मायेनं पुसलं. लोखंड चकाकलं. आता ते सुळकन खाली गेलं.

एरवी भोक पडेपर्यंत मॅडम लांब बांधावर शेतकऱ्याशी बोलत असायच्या; आज त्या शेजारी होत्या, आणि त्यांचं नाक तेवढ्यात वळलं होतं. "मायाप्पा, ती चिंधी बघू."

"ही व्हय? इंजनाच्या डिझेलात भिजावलिया. काळीत गिरमीट धरतंय ओ म्याडम, माती सोडत न्हाय. आमी कुळवाच्या फासंला बी असंच करताव. लई बेस चालतंय."

"आणि सांगोल्याकडं?"

"तितं कशाला? मुरमात धरतंय कुटं?"

टोळीतल्या एकानं गिरमिटाची दांडी हळूच सोडली. मायाप्पाला काहीतरी बिघडलंय एवढं कळलं, काय ते कळेना. मॅडमनी विचारलं, "मायाप्पा, तेल लावायचं नाही म्हणाले होते ना मी?"

"डोस्क्याला न्हाय म्हनलासा," मायाप्पा अत्यंत गांभीर्यानं म्हणाला. "तीन महिनं झालं, थेंब लावला न्हाय. इचारा कुणालाबी. पर लोकंडाला कवा म्हनलासा?"

मॅडम त्याच्याकडं बघत राहिल्या. मग मटकन सरीत बसल्या. मला वाटलं, रडतायत. खांदे हलत होते. जवळ गेलो तर ओढणी तोंडावर धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "हौ बाबा," त्या म्हणाल्या, "लोखंडाला म्हणालेच नाही. माणसांची डोकी उजाड केली मी, आणि गिरमिटाला मालिश चाललीय." मायाप्पाही मग बिचकत हसला, आणि ते हसू टोळीभर पसरलं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो लाल रंग होता. समितीची तारीख होती. त्या रानात एकटीचं काहीतरी जात होतं, आणि सगळ्यात मोठ्यानं तीच हसत होती.

काळ्या रानातले सगळे नमुने त्यांनी बाद केले. साहेबांनी दार लावून समजावलं. दाराच्या या बाजूला मला बरंचसं ऐकू आलं.

"चिंधीचं कुणाला कळणार आहे? विहीर तर मिळू द्या. खाली असेल तर असेल, नसेल तर नसेल. तुम्हाला हवं होतं ना?"

"हवं आहे. म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"साहेब, विहीर एकदाच मिळते. ती कुठं घ्यायची ते मायाप्पाच्या चिंधीवर ठरवायचं? कोरडी गेली तर पुढची पन्नास वर्षं लोक म्हणतील, सोलापूरला बघून झालं, तिथं काही नाही."

मग साहेबांचा आवाज आला, जरा खाली उतरलेला. "पेरणीच्या आधी होईल का सगळं पुन्हा?"

"बघते. तुम्ही तारीख तेवढी पुढं ढकला."

झालं सगळं. कुळव फिरायच्या आत बिनतेलाच्या टोळीनं काळं रान दुसऱ्यांदा भोसकलं. गिरमिट पुसायला मायाप्पानं बाभळीच्या लाकडाचं एक पातळ खुरपं तासून काढलं होतं आणि त्यानं तो एकेक पातं खरवडायचा. वेळ दुप्पट लागायचा. मॅडम त्याच्या शेजारी उभ्या राहून म्हणायच्या, "हल्लू, मायाप्पा, हल्लू. जमीन कुठं पळून चाललीय?" मायाप्पा म्हणायचा, "जिमीन न्हाय ओ, ऊन पळवतंय आमाला." दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मॅडम चटणी आणायच्या ती इतकी तिखट, की टोळीतले गडी आधी मायाप्पाला खायला लावायचे आणि त्याच्या डोळ्यांत पाणी किती येतं ते बघून मग घ्यायचे. त्या आजींच्या रानात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मागल्या खेपंला इसरला का काय खाली?" मॅडम म्हणाल्या, "हो आजी, अक्कल." आजींनी त्यांना ताक दिलं.

नवा नकाशा मी रंगवला. लाल गेला. नारिंगीही गेला. सगळीकडं फिका निळा, आणि अगदी दक्षिणेला भीमेच्या अलीकडं, सीमेलगत, करंगळीच्या नखाएवढा पिवळा. तिथं काळी नव्हती, तिथं चिंधी कधी लागलीच नव्हती. पहिल्या नकाशातही तो होता, पण लाल रंगाच्या शेजारी कुणी त्याच्याकडं बघितलं नव्हतं. तिथले शेतकरी कन्नड बोलायचे, तेवढ्यापुरता मी उपयोगी पडलो होतो, म्हणून मला तो ठिपका जरा आपला वाटायचा.

समितीपुढं मॅडमनी दोन्ही नकाशे लावले. चुकलेला आधी.

"हा दाखवायची काय गरज?" एका सदस्यानं विचारलं.

"पुढं कुणीतरी हीच चूक करील, साहेब. काळी माती तिथंच राहणार आहे." मग त्यांनी चिंधीचा सगळा किस्सा सांगितला, मायाप्पाचं नाव न घेता, सगळी चूक स्वतःची म्हणून. समिती हसली. पिवळ्या ठिपक्याजवळ त्या सगळ्यात जास्त वेळ थांबल्या. समितीनं ऐकून घेतलं आणि विहीर नामंजूर केली. खूण पुरेशी नाही. पुढं नवी साधनं आली तर पुन्हा पाहावं, अशी एक ओळ इतिवृत्तात घातली.

बैठकीहून सोलापूरला परतताना कुर्डुवाडी स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली. मॅडम खाली उतरून चहा घेऊन आल्या. त्यांचा चष्मा पुसून झाला होता, तरी त्या पुसत होत्या. मग म्हणाल्या, "नाही म्हणाले नाहीत, बिराजदार. थांबा म्हणाले. मी जमिनीचं काम करते, मला थांबायला काय जातंय?" आणि गाडी हलली तेव्हा समोरच्या बाकावरच्या नवरा-बायकोला त्यांच्या घरी फरशी कुठली आहे, हे त्यांनी विचारून घेतलं होतं.

त्या निवृत्त झाल्या, पाठोपाठ मीही झालो. मधली वर्षं फोनवर गेली. मागच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला तेव्हा आवाज चिरका झाला होता. दुखण्याचं मला माहीत होतं, उपचार चालू होते. पण बोलल्या ते वेगळंच. भूवैज्ञानिकांची एक नवी तुकडी सोलापुरात उतरली होती. त्यांच्याकडं नवं यंत्र होतं. ते जमिनीत भोक न पाडता, तारा आणि कांड्या पुरून, खोलवरच्या दगडातून जाणारी वीज टिपायचं. काळ्या पाषाणाखाली गाळ असला तर तो वेगळा उमटायचा. जुने अहवाल चाळताना त्या तुकडीच्या प्रमुख मुलीनं मॅडमचा अहवाल बाजूला काढला होता. का, तर बाद केलेल्या प्रत्येक नमुन्यापुढं तो का बाद केला ते लिहिलेलं असा तो एकच होता. पहिली रेघ पिवळ्या ठिपक्यावरून टाकायची ठरली होती, आणि जागा दाखवायला मॅडमना बोलावलं होतं.

"तुम्ही या. पुस्तक आणलंत तरी चालेल," त्या म्हणाल्या.

मी गेलो. मायाप्पालाही त्यांनी सांगोल्याहून बोलावून घेतलं होतं. त्याचा पटका तोच लाल, खालचे केस पांढरे आणि तेलानं चप्प बसवलेले. मॅडम पार वाळल्या होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला. मायाप्पानं त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आता तुमचा नंबर व्हय, बिनत्येलाचा?" आम्हा बाकीच्यांना धस्स झालं. मॅडम मात्र रुमालावरून हात फिरवत मनापासून हसल्या. "ते काम संपल्यापासून पोटभर तीस वर्षं लावलं. आता मातीला हात लावायला मोकळी."

दिवसभर मॅडम त्या मुलीबरोबर थांबत थांबत बांधाबांधानं हिंडल्या. पाण्याची विहीर कुठं, मोटार कुठं, विजेची तार कुठून जाते, काय टाळायचं, सगळं दाखवलं. ऊन उतरताना तारा पुरून झाल्या. मुलगी म्हणाली, आता यंत्राला ऐकू द्यायचं; माणसं, गाड्या सगळं लांब हवं. तिची माणसं पायीच निघाली, त्यांची गाडी रस्त्यावर होती. आम्हा तिघांसाठी केलेली भाड्याची जीप मात्र, मॅडमना फार पायी चालावं लागू नये म्हणून, आत रानाजवळ आणली होती. ड्रायव्हरनं किल्ली फिरवायला हात घातला.

"नक्को!" मॅडम ओरडल्या. "इंजिन चालू करू नका. ढकला."

"मॅडम, रस्ता फर्लांगभर आहे," मुलगी म्हणाली. "आणि यंत्र तासाभरानं सुरू केलं तरी चालेल. तुम्ही बसा, जीप जाऊ द्या."

"तासाभर कशाला वाया घालवता? आत्ता सुरू करा. आम्ही आवाज करत नाही."

आणि त्या खाली उतरल्या. ओढणी कमरेला खोचली आणि जीपच्या मागं दोन्ही हात टेकले. मायाप्पा शेजारी येऊन रागावला, "बाजूला व्हा ओ, काय खुळ्यावानी करताय, तुमच्या अंगात हाय का तेवडं?" त्या म्हणाल्या, "तुझ्या तरी कुठंय?" मी पुस्तक सीटवर टाकलं आणि दुसऱ्या बाजूनं लागलो.

जीप हलली. ढेकळांतून गचके खात, अगदी हळू. मॅडमच्या हातात जोर नव्हता, नुसते तळवे पत्र्याला लागलेले होते, मला ते जवळून दिसत होतं. मायाप्पालाही दिसत असणार, कारण तो त्यांच्या वाटणीचंही रेटत होता आणि तोंडानं "म्याडम, जरा सोडा की जोर, गाडी पळाया लागली," असं म्हणत होता. त्या हसत होत्या, धापा टाकत होत्या, आणि हसताना मोठा आवाज होऊ नये म्हणून तोंड दंडात खुपसत होत्या.

आठ आठवड्यांनी त्या गेल्या. निकाल अजून आलेला नाही. ती मुलगी म्हणते, वेळ लागतो. त्या संध्याकाळी रस्ता आला, ड्रायव्हरनं वळून विचारलं, "आता?" मॅडमनी मागं रानाकडं पाहिलं, अंतराचा अंदाज घेतला आणि मान हलवली. "अजून जरा पुढं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हात टेकले.